लम्पीसाठी गोट पॉक्स लस: चांगली, पण बर्फ सांभाळला तरच

झांबियात १९२९ मध्ये दिसलेला लम्पी (गायी-बैलांच्या अंगावर गाठी आणणारा विषाणूजन्य रोग) २०१९ ला ओडिशात आला, २०२२ ला पुणे जिल्ह्यातल्या गोठ्यांत. त्यावर टोचली जाणारी शेळ्यांच्या देवीची ही लस भरवशाची आहे; पूर्ण कवच मात्र नव्हे.

लस जिवंत विषाणूची, त्यामुळे दुकानापासून गोठ्यापर्यंत २ ते ८ अंश तापमानातच ठेवावी. द्रावक (लस विरघळवायचं पाणी) मिसळल्यावर दोन तासांत संपवा, उरलेली उकळून पुरा. टोचायची मानेच्या कातडीखाली, दर जनावराला नवी सुई. सिरिंज स्पिरिटने धुतली की लसीतला विषाणू मरतो, आणि मग ओरड, ‘लस बोगस’! ताप आलेलं जनावर वगळा. संरक्षण यायला तीनेक आठवडे. तोवर गोचीड-माश्यांचा बंदोबस्त करा. एका कुपीत बऱ्याच मात्रा असतात, दोन गायींसाठी परवडत नाही. शेजारच्या गोठ्यांनी मिळून घ्यावी.