एकच अडकित्ता, तीन माध्यमे: रंगचित्र, मुद्राचित्र की शिल्प?

माझी मावसबहीण बडोद्यात कलाशिक्षणाचे पायाभूत वर्ष संपवत आहे आणि पुढे रंगचित्रकला, मुद्राचित्रण (पत्र्यावर किंवा लाकडावर प्रतिमा घडवून ती कागदावर छापणे) व शिल्पकला यांपैकी कोणती शाखा घ्यावी, हा प्रश्न तिने गेल्या पंधरवड्यात मला चार वेळा विचारला. मी स्वतः मुद्राचित्रण घेतले असल्यामुळे माझे उत्तर निःपक्ष असेल असे मी म्हणणार नाही. मात्र त्या पहिल्या वर्षी मी एक प्रयोग केला होता, तो अशाच निर्णयाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या कोणालाही उपयोगी पडावा. दांडिया बाजारातील आमच्या घरी आजीच्या पानाच्या डब्यात एक वीतभर लांबीचा अडकित्ता आहे. दांड्या पितळेच्या, पाते लोखंडाचे आणि टोकाला एक छोटा मोर. हा एकच विषय मी तिन्ही माध्यमांत केला. त्यातून मला जाणवलेला मुख्य भेद असा की, प्रत्येक माध्यमात चूक वेगवेगळ्या वेळी उघडी पडते, आणि ती उघडी पडल्यावर आपल्या हातात काय उरते, हेही प्रत्येक ठिकाणी निराळे असते.

रंगचित्रात चूक तत्काळ दिसते आणि तत्काळ झाकताही येते. पितळ म्हणजे पिवळे, अशा भाबड्या समजुतीने मी यलो ऑकरमध्ये, म्हणजे मातकट पिवळ्यात, पांढरा मिसळून दांड्या रंगवल्या, तेव्हा अडकित्त्याला हळद लागल्यासारखे दिसू लागले. सावलीच्या बाजूला रॉ अंबर हा तपकिरी रंग आणि किंचित हिरवा आल्यावर, आणि चकाकीच्या ठिपक्यात खिडकीतल्या आभाळाचा निळा उतरल्यावर, तो धातू वाटू लागला. रंगाशी इतका थेट आणि इतका जलद संवाद अन्य दोन्ही शाखांत होत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. अडचण थांबण्याची आहे. मी ते चित्र सात वेळा बदलून रंगवले. त्यांतले चौथे रूप सर्वांत चांगले होते, आणि ते आता पाचव्या, सहाव्या व सातव्या थराखाली गाडलेले आहे. बाकी, बडोद्याच्या एप्रिलमध्ये ॲक्रिलिक रंग पॅलेटवर मिसळेपर्यंतच वाळू लागतात, म्हणून खाली ओले फडके ठेवावे लागते, आणि तैलरंग घेतले तर उलट थर वाळण्याची कित्येक दिवस वाट पाहावी लागते.

मुद्राचित्रणात हाताच्या आणि प्रतिमेच्या मध्ये एक संपूर्ण प्रक्रिया उभी असते. एचिंगसाठी मी जस्ताचा पत्रा घेतला, त्याच्या कडा कानशीने उतरत्या केल्या (तसे न केल्यास दाबयंत्रात कागद आणि लोकरी नमदे दोन्ही कापले जातात), आणि त्यावर मेण, डांबर व राळ यांचा थर देऊन सुईने रेघा ओढल्या. सुई पत्रा कोरत नाही, ती फक्त थर खरवडते. कोरण्याचे काम नायट्रिक ॲसिड करते. रेघांवर बारीक बुडबुडे जमू लागतात, ते पिसाने अलगद दूर करावे लागतात, अन्यथा रेघ एकसारखी खात नाही. पत्रा ॲसिडमध्ये जितका अधिक वेळ, तितकी रेघ खोल आणि छपाईत काळी. म्हणून फिक्या हव्या असलेल्या रेघांवर मध्येच वॉर्निश लावून त्या बंद करायच्या आणि उरलेल्या पुन्हा खाऊ द्यायच्या. पितळी दांडीवरची सावली मी राळेची पूड भुरभुरून, ती खालून तापवून चिकटवून आणि पत्रा पुन्हा ॲसिडमध्ये घालून, म्हणजे ॲक्वाटिंटने आणली. त्यानंतर खाचांत शाई भरणे, मलमलीने व शेवटी तळहाताने पृष्ठभाग पुसणे, ओलावलेला कागद ठेवणे आणि रूळ फिरवणे.

कागद उचलला तेव्हा अडकित्ता उलटा झाला होता. छापात डावे-उजवे बदलते हे मला पाठ होते, तरी पत्र्यावर मी तो सरळच काढला होता. आजीने प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप, हातात घेऊन क्षणभर पाहिले आणि म्हणाली, "हा डावखुऱ्या माणसाचा दिसतो गं." अशी चूक झाकता येत नाही, नवा पत्रा घ्यावा लागतो किंवा ती आपलीशी करावी लागते. मी दुसरा मार्ग पत्करला. परंतु रंगचित्रात जे गमावले ते येथे गमावले नाही, कारण पत्र्याच्या प्रत्येक टप्प्यावर काढलेली प्रूफे माझ्याजवळ आजही आहेत, आणि सुरुवातीचे, फक्त रेघांचे दुसरे प्रूफ मला अंतिम आवृत्तीहून अधिक आवडते.

मुद्राचित्रणात रंग नाही, असा एक गैरसमज पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांत हमखास असतो. रंग आहे, पण तो योजनेनुसार येतो. लाकूडठशात साधारणपणे प्रत्येक रंगासाठी वेगळा ठोकळा कोरून ते सारे कागदावर नेमके एकमेकांवर बसवावे लागतात. जस्ताच्या पत्र्यावर पिवळी शाई पुसताना मळकट होते, त्यामुळे माझे पितळ छापात कधीच झळाळले नाही. मुद्राचित्रकार कृष्णा रेड्डी यांनी पॅरिसच्या आतल्ये १७ या मुद्राचित्रण-कार्यशाळेत सहकाऱ्यांसमवेत विकसित केलेल्या व्हिस्कॉसिटी पद्धतीत एकाच पत्र्यावरून एका दाबात अनेक रंग निघतात: पत्रा वेगवेगळ्या खोलीवर कोरलेला असतो, कडक रूळ फक्त वरच्या पातळीला टेकतो, मऊ रूळ खाली पोहोचतो, आणि आधी लावलेली पातळ, तेलकट शाई नंतरच्या घट्ट शाईला आपल्यावर बसू देत नाही. हे शिकायला धीर हवा आणि थोडीशी स्वयंपाकघरातली जाण हवी. मला दोन्ही जेमतेम आहेत. रंगचित्र आणि छाप यांच्या रंगविचारातला फरक पाहायचा असेल, तर लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील महाराजा फत्तेसिंग संग्रहालयात राजा रविवर्म्याची तैलचित्रे पाहावीत आणि मग त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या छापखान्यातील एखादे देवादिकांचे चित्र, जे जुन्या मराठी घरांत अजूनही सापडते, जवळ धरावे. कुंचल्याने एका ओघात साधलेली कातडीची छटा तेथे दगडी छापाच्या स्वतंत्र शिळांवरून एकावर एक छापलेल्या रंगांत विभागलेली दिसते.

शिल्पात मला सर्वांत आधी अडकित्त्याची मागची बाजू आठवेना. चित्र काढताना तिची गरजच पडली नव्हती. घरी जाऊन तो पालथा केला, तेव्हा बिजागरीची खीळ एका बाजूला नक्षीची आणि दुसऱ्या बाजूला ठोकून सपाट केलेली दिसली, आणि एका दांडीवर आजीच्या अंगठ्याने झिजवलेली खळगी सापडली. तीन फुटी आकारात मी तो शाडूत घडवला. आतला सांगाडा बारीक तारेचा केला, आणि बिजागरीपाशी सारा भार येत असल्याने रात्रीतून एका दांडीने मान टाकली. दुसऱ्या खेपेस सळई घातली. साचा करताना प्लॅस्टरच्या पहिल्या थरात कपड्यांची नीळ मिसळतात. ओतकाम झाल्यावर छिन्नीने साचा फोडत असता निळा रंग दिसला की आता मूर्ती जवळ आली, हात हलका करा, अशी ती खूण असते. मी घाईत ती खूण ओलांडली आणि मोराची चोच उडाली. शिल्पातील चूक अशी अनेकदा दुसऱ्या दिवशी, किंवा अगदी शेवटच्या तासाला, भेटते. रंगाचे काम येथे बहुतांशी प्रकाश करतो. सयाजीबागेतील संग्रहालयात बडोद्यातल्याच अकोटा भागात सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती आहेत, त्यांतील चामरधारिणीभोवती एकदा सावकाश फेरी मारली तर मी काय म्हणते ते कळेल.

शाखा निवडली म्हणजे आयुष्य बांधले गेले, असे बडोद्यात तरी मानण्याचे कारण नाही. १९५० मध्ये येथील ललित कला विद्याशाखा सुरू झाली, तेव्हा इंदूरचे ना. श्री. बेंद्रे रंगचित्रकला शिकवत आणि शंखो चौधुरी शिल्पकला. त्या आरंभीच्या विद्यार्थ्यांतील ज्योती भट्ट रंगचित्रकार म्हणून घडले, पुढे न्यूयॉर्कच्या प्रॅट संस्थेत मुद्राचित्रण शिकले आणि त्यानंतर लोककलेच्या छायाचित्रणासाठीही ओळखले गेले. चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांनी तर चित्रांबरोबर मृण्मय फलक आणि खेळणीसुद्धा केली.

तरीही पदवीनंतरचा व्यवहार विचारात घ्यावाच. रंगचित्र घरच्या खोलीत चालते. मुद्राचित्रणाला दाबयंत्र लागते, आणि ॲसिडचे काम घरी करूच नये. लाकूडठसा व लिनोकट (लिनोलियमवर कोरलेला ठसा) मात्र चमच्याच्या पाठीने घासूनही उत्तम छापता येतात. एका पत्र्याच्या दहा प्रती निघत असल्याने प्रत्येक प्रतीची किंमत आवाक्यात ठेवता येते, पण ही झेरॉक्स नव्हे, हे प्रदर्शनात दर तासाला समजावून सांगण्याची तयारी असावी. शिल्पाला अंगण लागते, आणि उचलायला दुसरा माणूस लागतो.

मागच्या रविवारी मावसबहीण घरी आली होती. मी तिन्ही कामे मांडून ठेवली होती. तिने चित्राकडे आणि छापाकडे ओझरते पाहिले, डब्यातून मूळ अडकित्ता काढला, दोनदा उघडमीट केला आणि बराच वेळ तळहातावर तोलत राहिली. मी तिला शिल्पकला घे म्हणून सांगितले. मावशीचा प्रश्न वेगळाच होता: चार वर्षांची शिल्पे ठेवायची कुठे? आमचा तीन फुटी अडकित्ता सध्या जिन्याखाली आहे, आणि त्याच्या शेजारी अजून एकाची जागा होईल, एवढेच मी तिला सांगू शकले.