सोसायटीची जिम की बाहेरची? घोडबंदर पट्ट्यातील नवशिक्यांसाठी तुलना

ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या दुतर्फा, मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत उभ्या राहिलेल्या अनेक मोठ्या संकुलांच्या क्लबहाउसमध्ये जिम असते आणि तिचा खर्च दरमहाच्या मेंटेनन्समध्ये आधीच वसूल होत असतो. त्यामुळे स्नायू कमावून चरबी घटवण्याचे ठरवणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो, की हीच जिम वापरावी की हमरस्त्यावरच्या मोठ्या जिमची वेगळी फी भरावी. यंत्रे मोजून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. वजन टप्प्याटप्प्याने वाढवता येते का आणि आठवड्यातून तीनदा तिथे खरोखर जाणे होते का, एवढ्या दोनच बाबी पाहाव्यात.

स्नायू वाढतो तो सवयीपेक्षा जास्त भार पेलावा लागल्यामुळे. सोसायटीच्या जिममध्ये सहसा दोन-तीन ट्रेडमिल, एक मल्टिजिम (अनेक व्यायामांची सोय असलेले एकच यंत्र), एखादा बाक आणि 10 किंवा 12.5 किलोपर्यंतचे डंबेल असतात. खांदे आणि दंड यांना हे साहित्य काही महिने सहज पुरते. मांड्यांचे मात्र त्यावर लवकरच भागेनासे होते. शिवाय 7.5 किलोचा डंबेल सोपा वाटू लागला की पुढचा थेट 10 किलोचा, म्हणजे भार एकदम एक तृतीयांशाने वाढतो. बाहेरच्या जिममध्ये 20 किलोच्या दांड्याला दोन्ही बाजूंनी 1.25 किलोची प्लेट लावून एकूण 2.5 किलोच वाढवता येतात आणि स्क्वॉट (खांद्यावर दांडा घेऊन बैठका) किंवा डेडलिफ्टमध्ये (दांडा जमिनीवरून उचलणे) या लहान पायऱ्यांचा मोठा उपयोग होतो. तरीही हलक्या वजनाने काहीच साधत नाही, असे समजू नये. शेवटची एक-दोन आवर्तनेच जेमतेम जमतील इतके सेट (न थांबता केलेल्या सलग आवर्तनांच्या फेऱ्या) ताणले, तर 20 ते 30 आवर्तनांच्या सेटनेही स्नायू वाढतो. फक्त तो सेट फार दमवतो आणि कंटाळवाणाही होतो.

दुसऱ्या, म्हणजे नियमित जाण्याच्या बाबतीत सोसायटी सरस ठरते. सकाळची लोकल पकडून मुंबईला जाणारा माणूस रात्री आठला स्टेशनवर उतरतो आणि तिथून बसने किंवा रिक्षाने घोडबंदरच्या कोंडीतून घरी पोहोचतो. त्यानंतर पुन्हा बाहेर पडून जिम गाठण्याचा उत्साह पहिला महिना टिकतो. लिफ्टने खाली उतरणे पुढेही जमते.

बाहेरच्या जिममध्ये प्रशिक्षक असतो, हा तिचा दुसरा फायदा, पण तो प्रशिक्षक कसा आहे यावर अवलंबून. नवख्याच्या हाती सोमवारी छाती, मंगळवारी पाठ असे सहा दिवसांचे वेळापत्रक देण्याची पद्धत सर्रास आहे. त्यात एक दिवस बुडाला की तो अवयव पूर्ण आठवडा उपाशी राहतो. नोकरदाराने तीन दिवस संपूर्ण शरीराचा व्यायाम करावा; एक दिवस बुडाला तरी प्रत्येक स्नायूला आठवड्यातून किमान दोनदा काम मिळते. जुन्या ठाण्यातील एखादी व्यायामशाळा घराजवळ असेल तर तीही पाहावी: वातानुकूलन नसेल, पण लोखंड भरपूर आणि फी माफक असते.

चरबीच्या बाबतीत दोन्ही जिम सारख्याच, कारण तो हिशेब स्वयंपाकघरात ठरतो. ट्रेडमिलवर अर्धा तास भरभर चालून जे जळते, ते स्टेशनबाहेरच्या एका वडापावने भरून निघते. सामान्य प्रौढासाठी भारतीय शिफारस वजनाच्या प्रतिकिलो सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिनांची आहे, तर वजने उचलणाऱ्याला 1.6 ग्रॅमच्या आसपास लागतात. 70 किलोच्या माणसाला हे 112 ग्रॅम होतात. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18 आणि 50 ग्रॅम सोयाबीन वडीत 26 ग्रॅम प्रथिने असतात. पोहे आणि वरण-भात एवढ्यावर हा आकडा गाठता येत नाही.

माझे मत असे, की सोसायटीत बाक आणि 10 किलोपर्यंतचे डंबेल असतील, तर पहिले तीन-चार महिने तिथेच काढावेत. तिथे नुसत्या ट्रेडमिलच असतील, किंवा मांड्यांच्या व्यायामाला वजन अपुरे पडू लागले असेल, तर बाहेरची जिम लावावी. वार्षिक सवलतीचा आग्रह होईल, पण आधी तीन महिन्यांचेच पैसे भरावेत, आणि तेही आपण जाणार त्याच वेळी तिथे जाऊन स्क्वॉट रॅकपाशी (दांडा ठेवण्याच्या चौकटीपाशी) किती जण ताटकळतात ते पाहिल्यानंतर.