सॅम्पल पोलादाचं, खोक्यात जस्त

आमच्या सोसायटीचा गणपती पार्किंगमध्ये बसतो आणि त्याच पार्किंगच्या कोपऱ्यात माझं सुतारकामाचं वर्कबेंच आहे. दरवर्षी मांडवाच्या आदल्या दिवशी चार पोरं बोलवायची, "काका, विकून टाका हे आता" हे ऐकून घ्यायचं आणि बेंच जिन्याखाली सरकवायचं. बेंचचा माथा एका पाडलेल्या वाड्यातल्या सागवानी तुळयांचा, 6 फूट बाय सव्वादोन फूट, 3 इंच जाड. नुसता माथाच 60 किलोच्या घरात. शिवाय पाय, आडव्या पट्ट्या, लाकूड पकडायची 6 इंची व्हाइस, खालचे खण. 175 किलोला मरण नाही.

म्हणून यंदा पेडलवाली कॅस्टर, म्हणजे पायांना लावायची चाकं, बसवायचं ठरवलं. पायाने पेडल दाबलं की चाक खाली येतं आणि बेंच वर उचललं जातं. पेडल सोडवलं की बेंच पुन्हा आपल्या पायांवर बसतं. साधी ब्रेकची चाकं मला नको होती. ब्रेक लावला तरी रंधा मारताना बेंच डुलतं.

पुण्यातल्या हार्डवेअरच्या बाजारात, बोहरी आळीत गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही. काउंटरवर लाकडी ठोकळ्याला एक कॅस्टर बसवून ठेवलेलं: जाड पत्रा, पीयूचं (पॉलियुरेथेनचं) लाल चाक, पेडल दाबलं की खट्‌कन आवाज. दुकानदार म्हणाला, "एका चाकाला 100 किलो, काका. चाराचे झाले 400. डोळे झाकून न्या." आणि 28 वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलेल्या माणसाने ते खरोखरच डोळे झाकून नेले. सेट 3,200 रुपयांना. पोऱ्याने गोडाऊनमधून टेप मारलेलं खोकं आणलं. "पक्कं बिल हवं असेल तर वर 18 टक्के पडतील," म्हणाला. मी 576 रुपये वाचवले आणि चिठोऱ्यावर आकडा लिहून घेतला. यूपीआयने पैसे दिले, पिशवी उचलली, बस पकडली.

बसवताना मी कसर ठेवली नाही. स्क्रू नाहीत, पायातून आरपार 8 एमएमचे बोल्ट, मागे वॉशर. पत्रा सॅम्पलपेक्षा पातळ लागतोय असं वाटलं होतं, पण एव्हाना भोकं पाडून झाली होती.

तीन पेडलं दाबली, बेंच उचललं गेलं. चौथ्यावर पाय ठेवला आणि पेडलची खीळ जिथे बसते तो कानच तुटला. तो कोपरा धपकन खाली आला आणि माझा मोठा रंधा घरंगळत फरशीवर. पाऊल वेळेवर मागे घेतलं म्हणून अंगठा शाबूत आहे. रंध्याच्या मुठीचा मात्र टवका उडाला.

मग जे दुकानातच करायला हवं होतं ते घरी केलं. तुटलेल्या जागी आतून करडा, खरखरीत दाणा दिसत होता. पोलादाचा पत्रा असा तुटत नाही, आधी वाकतो. फ्रिजवरचा लोहचुंबक लावून पाहिला. वरच्या पट्टीला चिकटला, पण सगळा भार घेणाऱ्या कानाला आणि पेडलला नाही. म्हणजे ते जस्ताचं ओतकाम, वर चकचकीत मुलामा. खोक्यावरच्या '100 केजी' स्टिकरचा कोपरा नखाने उचलला तर खाली दुसरं स्टिकर: '40 केजी'. चार चाकांचे 160. त्यातही पार्किंगची फरशी पावसाच्या पाण्यासाठी उतार काढलेली, खालीवर आहे, अशा जागी भार बहुतेक वेळा तीनच चाकांवर येतो. म्हणजे हिशेब 120 चा, आणि वर बेंच 175 चं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. "वापरलेला माल परत घेत नाही. बिल कुठंय?" मी चिठोरं दाखवलं. "हे आमचं कशावरून?" त्यावर ना शिक्का, ना नाव. मोबाइल काढून यूपीआयचा व्यवहार दाखवायला गेलो, तर पैसे दुकानाच्या नावावर गेलेलेच नव्हते, कुणा भलत्याच माणसाच्या नावावर. देताना स्क्रीनवर नाव आलं होतं, मी वाचलं नव्हतं. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन केला. बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला: बिल आहे का?

तुम्ही असलं काही घ्यायला गेलात तर खोकं तिथेच, काउंटरवर फोडा. खिशात लोहचुंबक न्या आणि तो पट्टीला नव्हे, कानाला आणि पेडलला लावा. चारही नग सॅम्पलशेजारी ठेवून दाबून पाहा, चाक किती खाली येतं ते फूटपट्टीने मोजा. सामानासकट बेंचच्या वजनाला तीनने भागा, आणि एका चाकाची क्षमता त्याहून बरीच जास्त असेल तरच घ्या. माझ्या बेंचला ते 60 च्या जवळ येतं, त्यामुळे खरी 100 ची चाकं असती तर काम निभावलं असतं. त्या 18 टक्क्यांबद्दल मी काय बोलू, घरी रोज ऐकतोय.

मांडव उभा राहायला आठ दिवस राहिलेत. दीड इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचे तीन तुकडे कापून आणलेत. बेंच त्यांवरून सरकवायचं, मागचा पाइप काढून पुढे घालायचा. पोरांना अजून सांगितलेलं नाही.