तेराशे रुपयांचा सॅल्मन: मासा चोख, पाटी खोटी

आधीच सांगतो, मी खवय्या म्हणून हे लिहीत नाही. करवीर तालुक्यात आमचं शेततळं आहे, बारा वर्षं झाली कटला-रोहूचं बीज वाढवून विकतोय. त्यामुळं कुठलाही मासा पुढ्यात आला की चवीच्या आधी डोक्यात एकच येतं, हा जगला कसा?

तर, कोल्हापुरात आता सॅल्मन मिळतोय. पुण्यात शिकणारी आमची पोरगी म्हणते, 'सॅमन' म्हणायचं, 'ल' मुका असतो. पाकिटावर 'ल' छापलाय, त्याचेही पैसे घेतलेत, तेव्हा मी तो म्हणणारच. शहरातल्या एका फ्रोझन मालाच्या दुकानात घेतला. नाव लिहीत नाही, कारण तक्रार आहे, आणि काउंटरवरचा पोरगा कष्टाळू आहे, माझ्यामुळं त्याची नोकरी जायला नको. दोनशे ग्रॅमचे दोन तुकडे, कातड्यासकट, १,३०० रुपये. पावती बघून सौ. म्हणाल्या, "अवो, एवढ्यात पावणेदोन किलो मटण आलं असतं की!"

फ्रीजरवर मोठी पाटी: 'डीप सी वाइल्ड सॅल्मन'. मी विचारलं, "पाळलेला नव्हं?" पोरगा म्हणाला, "काका, एकदम ओरिजिनल, खोल समुद्रातनं धरल्याला." पाकीट उलटं केलं तर मागं मुंगीएवढ्या अक्षरात साल्मो सालार (अटलांटिक सॅल्मनचं शास्त्रीय नाव), नॉर्वे आणि स्वच्छ 'फार्म्ड'. अटलांटिक सॅल्मन म्हणून जगभर दुकानांत जो विकतात तो जवळजवळ सगळा पाळलेलाच असतो. मला पाळलेल्याचं वावडं नाही, माझं घरच त्यावर चालतं. पण मग पाटीवर तसं लिहा की! (शेजारच्या काकूंना तिथंच रावस 'इंडियन सॅल्मन' म्हणून दाखवत होते. रावस उत्तम मासा, आंबा घाट चढून येतो, पण सॅल्मनचा तो दूरचा पाहुणासुद्धा लागत नाही.)

पाळलेला आणि रानटी यात एवढं काय, असं वाटेल कुणाला. सॅल्मन जन्मतो गोड्या पाण्यात, नदीच्या तळाच्या गोट्यांमध्ये. अटलांटिक जातीचं पिल्लू वर्ष, दोन वर्षं, थंड मुलखात चार-पाच वर्षंही नदीतच काढतं. अंगावर कुणीतरी बोटं उमटवल्यासारखे गडद पट्टे असतात. मग एका वसंतात ते पट्टे पुसले जातात, अंग चांदीसारखं चमकायला लागतं आणि पिल्लू समुद्राकडं निघतं. या अवस्थेला तिकडं 'स्मोल्ट' म्हणतात, माझ्या लेखी ती बोटुकलीच, म्हणजे बोटाएवढं पिल्लू. वीतभरसुद्धा लांब नसते. पण आतली सगळी यंत्रणा उलटी फिरलेली असते. गोड्या पाण्यातला मासा मीठ अंगात धरून ठेवतो आणि पाणी बाहेर टाकतो. खाऱ्यात गेल्यावर त्याला पाणी प्यावं लागतं आणि मीठ कल्ल्यांतून बाहेर फेकावं लागतं. माझ्या रोहूला हे सात जन्मांत जमायचं नाही.

आणि समुद्रात शिरल्या शिरल्या कत्तल सुरू. नदीच्या मुखाशीच कॉड, सील, समुद्रपक्षी टपलेले. आमच्या तळ्यावर हेच काम ढोकरी, पाणकावळे आणि दिवड करतात. जिऱ्यापासून (अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू) शंभरात तीस-चाळीस हाताला लागली तर तो हंगाम आम्ही चांगला म्हणतो. समुद्रातल्या पिल्लाला वाचायचा एक मार्ग, भराभर खाऊन वाढायचं. जितका मोठा, तितकी त्याला गिळू शकणारी तोंडं कमी. पण तेवढ्यानंही भागत नाही. बीमिश आणि मान्केन या दोन शास्त्रज्ञांनी २००१ साली पॅसिफिकच्या सॅल्मनबद्दल मांडलं होतं, की पहिला तडाखा शिकाऱ्यांचा असतो आणि दुसरा पहिल्या हिवाळ्याचा. उन्हाळ्यात ठराविक आकार गाठला नाही तर अंगातली शिदोरी हिवाळ्याला पुरत नाही. हे वाचलं तेव्हा मी मांडीवर थाप मारली. जून-जुलैत बारीक बीज सोडणारे माझे गिऱ्हाईक दिवाळीनंतर 'मासं गेलं कुठं' म्हणून माझ्याच नावानं ओरडतात. चार पैसे जास्त देऊन मोठी बोटुकली न्या म्हणून मी घसा कोरडा करतो!

समुद्रात नेमकं काय झालं, हे मासा अंडी घालायला नदीत परत आल्यावरच कळतं. कॅनडाच्या फ्रेझर नदीत २००९ साली एक कोटीहून जास्त सॉकाय सॅल्मन परततील असा अंदाज होता, आले पंधरा लाखांच्या आसपास. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. आणि पुढच्याच वर्षी अडीच कोटींच्या वर आले! शेअर बाजार बरा म्हणायचा. अटलांटिककडं तर कित्येक नद्यांतून गेलेल्या शंभर पिल्लांतली आता पाचही परत येत नाहीत. म्हणून म्हणतो, 'वाइल्ड' हा शब्द पाटीवर इतक्या स्वस्तात लिहू नये.

आता पाकिटातला मासा. याचं बालपण हौदात गेलं. शंभरेक ग्रॅमचा झाल्यावर समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यात सोडला, वर्ष-दीड वर्ष खाद्य घातलं, चार-पाच किलोचा झाला की काढला. सील नाही, हिवाळ्याची उपासमार नाही. तरी तिथंही सगळं आलबेल नाही बरं का. नॉर्वेत २०२३ साली समुद्रातल्या पिंजऱ्यांत सहा कोटींहून जास्त सॅल्मन मेले, शंभरात सोळा-सतरा. कल्ल्यांचे रोग, अंगाला चिकटणाऱ्या समुद्री उवा, आणि त्या उवा काढताना होणारी हाताळणी. त्यामुळं आता काही जण पिल्लू जमिनीवरच्या टाक्यांत आणखी मोठं करून मगच समुद्रात सोडतात. म्हणजे फिरून माझंच म्हणणं, मोठी बोटुकली न्या.

कातड्यावर दोन-चार खवले राहिले होते. माशाच्या अंगावरचे किडे बघायचं माझं भिंग आहे, ते लावलं. झाडाच्या खोडासारखी वलयं दिसली, मधे दाट, बाहेर विरळ. दाट ती सावकाश वाढल्याची, विरळ ती समुद्रात सुटल्यासारखं वाढल्याची. शास्त्रज्ञ यावरूनच माशाची कुंडली मांडतात. तेराशेतले शंभर रुपये मला इथंच वसूल झाले. सौ. मात्र म्हणाल्या, "मी आता कढई चढवू का तुम्ही भिंगच तळताय?"

स्वयंपाकात आमची चूक झाली, तुमची होऊ नये. एक तुकडा कांदा-लसूण मसाल्यात, खोबऱ्याच्या वाटणात रश्शाला टाकला. वाया गेला. हा मासा तेलकट असतो, त्याची चरबी रश्शावर तरंगली, मांस पाकळ्या-पाकळ्या होऊन सुटलं आणि चव मसाल्याखाली गाडली गेली. तिथं मरळच पाहिजे. दुसरा तुकडा नुसतं मीठ, मिरपूड लावून तव्यावर कातड्याच्या बाजूनं ठेवला, झाकण नाही, उलटायची घाई नाही. कातडं पापडासारखं झालं, आत लोण्यासारखा. वरून लिंबू पिळलं. 'मी न्हाई शिवत त्याला' म्हणणाऱ्या सौ.नी अर्ध्याहून जास्त खाल्ला. केशरी रंग बघून दचकू नका. रानटी माशाला तो कोळंबीसारख्या बारीक जिवांमधून मिळतो, पाळलेल्याला तेच रंगद्रव्य खाद्यातून देतात.

माशाला पाचपैकी चार. पाटीला शून्य. फ्रीजरला दोन, कारण एका पाकिटात आतून बर्फाचे खडे साचले होते. म्हणजे माल मधे कधीतरी वितळून पुन्हा गोठला असावा, मी ते बदलून घेतलं. तुम्हीही पाकीट दाबून बघा, आत बर्फ कुरकुरला तर घेऊ नका. आणि शेपटाकडचा तुकडा देत असतील तर पोटाकडचा मागा, दर तोच आहे.

पोरग्याला पाकिटामागचं वाचून दाखवलं. त्यानं पाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "काका, मालकांनी लिवलंय." माल बुधवारी रात्री येतो म्हणाला. म्हणजे जायचं तर गुरुवारी सकाळी. त्या दिवशी आपल्याकडं निम्मं गाव मासं खात नाही, त्यामुळं दुकानात गर्दीही नसते.