रीडक्स डेव्हटूल्स : टाइम ट्रॅव्हलपेक्षा डिफ जास्त कामाचा

२०१५ मध्ये पॅरिसच्या रिॲक्ट युरोप परिषदेत डॅन अब्रामॉव्ह यांनी रीडक्स दाखवलं (वेब ॲपची स्टेट, म्हणजे त्या क्षणाची माहिती, एका स्टोअरमध्ये सांभाळणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी), तेव्हा लोकांना भुरळ पडली ती टाइम ट्रॅव्हलची. ॲपमध्ये घडलेल्या ॲक्शन्स (काय घडलं याच्या नोंदी) मागे-पुढे न्यायच्या आणि स्क्रीन त्या त्या क्षणाला जाऊन उभी राहायची. आजही नवीन माणसाला रीडक्स डेव्हटूल्स हे ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन दाखवताना आधी टाइम ट्रॅव्हलचा स्लायडरच फिरवून दाखवतात. बरेच महिने हे एक्स्टेन्शन रोज उघडं ठेवून काम केल्यावर मी सांगेन की स्लायडरला माझा हात क्वचितच लागतो. माझी खरी भिस्त असते ती डिफ टॅबवर.

डावीकडे ॲक्शन्सची यादी, उजवीकडे निवडलेल्या ॲक्शनचा तपशील, अशी मांडणी. स्टेट टॅबमध्ये अख्खी स्टेट दिसते, पण ॲप मोठं असेल तर ती वाचत बसणं जिकिरीचं. डिफ त्या एका ॲक्शनने काय बदललं तेवढंच पुढे ठेवतो, जुनी व्हॅल्यू आणि शेजारी नवी.

आमच्या टीमकडे खरेदीचं एक ॲप आहे. तक्रार अशी यायची की लावलेलं कूपन पेमेंटपर्यंत पोचेस्तोवर गायब होतं, आणि तेही दर वेळी नाही. कॉन्सोलमध्ये लॉग टाकून काही हाती लागेना. शेवटी डेव्हटूल्स उघडून पत्ता बदलल्याची ॲक्शन निवडली, तर डिफमध्ये एकाऐवजी दोन बदल. पत्ता बदललाय, तो बदलायलाच हवा होता. त्याच्या खाली कूपनही नल, म्हणजे रिकामं, झालेलं. रिड्यूसर म्हणजे ॲक्शन आली की स्टेट बदलणारं फंक्शन; कूपनच्या स्लाइसमधला (स्टेटच्या त्या भागाच्या कोडमधला) एक एक्स्ट्रा-रिड्यूसर पत्त्याची ॲक्शन ऐकून कूपन काढून टाकत होता. काही कूपन्स ठरावीक शहरांपुरतीच असल्याने नियम रास्तच होता, पण तो सरसकट सगळ्यांना लागत होता. म्हणून आधी पत्ता भरणाऱ्याला काही त्रास नाही आणि कूपन लावून मग पत्ता बदलणाऱ्याची सवलत गेली. कोड वाचूनही हे सापडलं असतं, पण कुठली फाइल वाचायची तेच कळत नव्हतं.

दुसरी सोय फारच कमी जणांना माहीत असते. एक ॲक्शन निवडून शिफ्ट दाबून दुसरीवर क्लिक केलं की त्या दोहोंमधला एकत्रित डिफ मिळतो. ‘चेकआउट उघडल्यापासून आत्तापर्यंत स्टेटमध्ये काय काय हललं’ याचं उत्तर एका नजरेत. स्टेटचा एखादा भाग पिन करून फक्त त्याच्यावर लक्ष ठेवता येतं, तेही लांबलचक फॉर्म तपासताना उपयोगी पडतं. आणि ॲक्शन येऊनही काहीच बदललं नसेल तर ‘स्टेट्स आर ईक्वल’ असं लिहून येतं. बटण दाबलं तरी काही होत नाही, अशा बगमध्ये ही एक ओळ अर्धं काम करते: ॲक्शन पोचली आहे, रिड्यूसरने बहुधा ती घेतलेली नाही.

डिफच्या मर्यादाही माहीत असायला हव्यात. ॲरेमधल्या ऑब्जेक्ट्सना आयडी असेल तर तो त्यावरून जोड्या लावतो. आयडी नसेल तर क्रमांकावर जातो, आणि मग यादीतली पहिली वस्तू काढली की खालच्या सगळ्याच बदलल्यासारख्या दिसतात. शिवाय तुलना मजकुराची होते, रेफरन्सची (ऑब्जेक्ट तोच आहे की नवा, याची) नाही. रिड्यूसरने तोच मजकूर नव्या ॲरेत भरून दिला तर डिफ कोरा राहतो, पण कंपोनंट (स्क्रीनचा तो तुकडा) मात्र पुन्हा रेंडर होतो. परफॉर्मन्सचा माग काढायचा असेल तर रिॲक्टचा प्रोफायलरच उघडावा.

टाइम ट्रॅव्हलबद्दलही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मागे जाते ती फक्त स्टोअरमधली स्टेट. सर्व्हरला गेलेली विनंती किंवा लोकल स्टोरेजमध्ये लिहिलेलं काही त्याने परत येत नाही. स्किप बटण एक ॲक्शन वगळून पुढच्या सगळ्या रिड्यूसरमधून पुन्हा चालवतं, त्यामुळे रिड्यूसरमध्ये रँडम आकडा किंवा चालू वेळ घेतली असेल तर आलेल्या उत्तरावर विसंबता येत नाही.

इतिहास मुळात ५० ॲक्शन्सचाच राहतो. आरटीके क्वेरी (रीडक्स टूलकिटमधली सर्व्हरवरून डेटा आणायची सोय) वापरत असाल तर प्रत्येक विनंतीच्या पेंडिंग-फुलफिल्ड ॲक्शन्सच्या रांगेत तो बघता बघता भरतो आणि तुमची ॲक्शन यादीतून निघून जाते. मॅक्स-एज, म्हणजे ही मर्यादा, वाढवता येतो, पण स्टेट जड असेल तर ब्राउझर धापा टाकतो. त्यापेक्षा गोंगाट करणाऱ्या ॲक्शन्स डिनायलिस्टमध्ये (वगळायच्या यादीत) टाकणं मला जास्त पटलं.

टीमची शिस्त इथे फार मोलाची आहे. ‘सेट-डेटा’ नावाच्या वीस ॲक्शन्स एकाखाली एक असतील तर कुठलं टूल काय करणार? ‘कार्ट/कूपन-अप्लाइड’ असं घडलेल्या गोष्टीचं नाव असेल तर यादी वाचूनच अर्धी गोष्ट कळते. झुस्टँड ही स्टेट सांभाळणारी दुसरी लायब्ररी वापरणाऱ्यांनाही तिच्या मिडलवेअरमधून (मध्ये बसणाऱ्या जोडकोडमधून) हेच पॅनेल वापरता येतं, पण सेट करताना नाव दिलं नाही तर ॲक्शन्स ‘ॲनॉनिमस’ म्हणून येऊ शकतात.

रीडक्स टूलकिटच्या (रीडक्सच्या अधिकृत साधनसंचाच्या) कॉन्फिगर-स्टोअर या स्टोअर बनवणाऱ्या फंक्शनमध्ये डेव्हटूल्स आपोआप चालू असतं, प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक वापरतात त्या ॲपमध्येसुद्धा. आम्ही ते तिथे बंद ठेवतो. आणि एक्सपोर्ट केलेली फाइल बग रिपोर्टला जोडायची असेल तर ती आधी उघडून बघावी. त्यात ग्राहकाचा फोन नंबर, पत्ता, कधी लॉगिन टोकनही असतं. स्टेट सॅनिटायझर (पॅनेलला देण्याआधी स्टेट बदलणारं फंक्शन) लिहून पॅनेलमध्ये दिसणाऱ्या स्टेटमधल्या या गोष्टी झाकता येतात, चार ओळींचं काम आहे.