एकच लेन्स, दोन कॅमेरे: स्वस्तातल्या जुन्या धाटणीच्या मॅन्युअल लेन्स वापरून झाल्यावर

गेली अडीच वर्षं माझ्याकडे तीन मॅन्युअल, म्हणजे हाताने फोकस करायच्या लेन्स आहेत, २८, ४० आणि ५० एमएमच्या (आकडा जितका लहान तितकं दृश्य रुंद), तिन्ही एम माउंटच्या, म्हणजे लाइका कंपनीच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांवर बसणाऱ्या, तिन्ही दिसायला १९५० च्या दशकातल्या वाटाव्यात अशा, आणि लाइकाच्या त्याच जातीच्या लेन्सपुढे तिन्ही खूपच स्वस्त. मी त्या आलटून पालटून दोन कॅमेऱ्यांवर लावतो, एक फिल्मचा रेंजफाइंडर, ज्यात वेगळ्या खिडकीतून बघून दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा, आणि दुसरा फुल फ्रेम मिररलेस, म्हणजे सेन्सरवरचं चित्र थेट स्क्रीनवर दाखवणारा डिजिटल कॅमेरा. बरेच जण विचारतात घ्याव्यात का, आणि मला पटकन हो किंवा नाही म्हणता येत नाही, कारण तीच लेन्स या दोन कॅमेऱ्यांवर दोन वेगळ्या लेन्ससारखी वागते. बहुतेक रिव्ह्यू मिररलेसवर लावून केलेले असतात, विटांच्या भिंतीचा फोटो काढायचा, कोपरे मोठे करून दाखवायचे, झालं. ते बघून रेंजफाइंडरवाल्याने लेन्स मागवली तर त्याच्या हाती काय लागेल याचा भरवसा नाही.

आधी हातात घेतल्यावरचं सांगतो कारण अर्धा आनंद तिथेच आहे. पितळ आणि अॅल्युमिनियमची बॉडी, मीटर आणि फूट दोन्ही आकडे कोरून त्यात रंग भरलेला, अॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं भोक) रिंगला खणखणीत क्लिक, फोकस रिंग मधात फिरवल्यासारखी. माझ्याकडच्या ४० एमएमच्या नोक्टनला खाली बोट ठेवायला चंद्रकोरीसारखा टॅब आहे, आणि दोन-तीन महिने रोज वापरल्यावर असं होतं की डोळा व्ह्यूफाइंडरला लागायच्या आधीच बोटाला अंतर कळलेलं असतं. टॅब कुठे आला की समोरचा माणूस किती लांब हे हाताला पाठ होतं. ऑटोफोकसमध्ये दहा वर्षं काढली पण ही गोष्ट कधी मिळाली नव्हती, आणि खरं सांगतो यासाठीच मी या लेन्स वापरतो, शार्पनेससाठी नाही.

आता मूळ मुद्दा. तिघींपैकी एक ५० एमएम एफ/१.४ (एफचा आकडा जितका लहान तितकं अॅपर्चर मोठं आणि स्पष्ट दिसणारी पट्टी पातळ), कंपनीचं नाव घेत नाही कारण असं कुठल्याही स्वस्त लेन्सच्या बाबतीत होऊ शकतं. लेन्स आली, रेंजफाइंडरवर लावली, आजी खिडकीशी बसून चष्मा पुसत होती तिचे सात-आठ फोटो एफ/१.४ वर काढले. फोकस पॅचमधल्या, म्हणजे व्ह्यूफाइंडरच्या मधल्या छोट्या चौकोनातल्या दोन प्रतिमा तिच्या डोळ्यावर अगदी नीट जुळवल्या होत्या. फिल्म धुऊन आली तर प्रत्येक फोटोत डोळे मऊ आणि कानाजवळचे पांढरे केस एकेक मोजता येतील इतके स्पष्ट. एखादा फोटो हुकला असता तर माझी चूक म्हणालो असतो, पण सगळेच एकाच दिशेला हुकलेले. मग तीच लेन्स मिररलेसवर लावली, स्क्रीन मोठी करून डोळ्यावर फोकस केला, पापणीचा केस न केस दिसला! म्हणजे काचेत काहीच खोट नव्हती.

खोट होती कॅममध्ये. रेंजफाइंडरला लेन्समधून काहीच दिसत नसतं हे नवीन लोकांच्या लक्षात येत नाही. लेन्सच्या मागे एक पितळी कडी असते, तोच कॅम, फोकस फिरवला की ती पुढेमागे होते आणि बॉडीतल्या छोट्या रोलरला ढकलते, त्या रोलरच्या हालचालीवरून पॅचमधली प्रतिमा सरकते. म्हणजे तुम्ही जो फोकस बघताय तो लेन्सने बॉडीला सांगितलेला निरोप आहे, आणि निरोपात मिलिमीटरच्या काही शतांशांचा घोळ झाला तरी फोटो गेला. ५० एमएमला एफ/१.४ वर एक मीटरवरून स्पष्ट दिसणारी पट्टी सगळी मिळून साधारण ३ सेंटिमीटर असते. माझ्या लेन्सचा फोकस ४ सेंटिमीटर मागे पडत होता. मिररलेसवर हा निरोप्याच नसतो, सेन्सरवर जे पडतं तेच दिसतं, म्हणून तिथे ही लेन्स निर्दोष वाटते. लाइका किंवा जुन्या चांगल्या कंपन्यांच्या लेन्सला जो पैसा लागतो त्यातला बराचसा या कडीच्या अचूकपणाचा असावा असं माझं मत होत चाललंय.

सुदैवाने हल्ली बऱ्याच स्वस्त एम माउंट लेन्सना ही कडी वापरणाऱ्याला जुळवता येते, बारीक स्क्रू सैल करायचे आणि कडी किंचित सरकवायची. माझ्या लेन्सलाही ती सोय होती. डिजिटल रेंजफाइंडर असेल तर काम सोपं, फोटो काढा बघा परत सरकवा. माझा फिल्मचा, मग प्रत्येक वेळी रोल घालणार का? म्हणून कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं, फिल्म ज्या रुळांवरून सरकते तिथे घासलेल्या काचेचा तुकडा खरखरीत बाजू लेन्सकडे करून टेकवला, शटर बी वर (दाबून धरेपर्यंत उघडं राहणाऱ्या सेटिंगवर) ठेवून केबलने उघडं धरलं आणि भिंगातून त्या काचेवरची प्रतिमा बघितली. समोर बरोबर एक मीटरवर तिरकी ठेवलेली मोजपट्टी. पॅचमध्ये शून्याचा आकडा जुळवायचा आणि काचेवर कुठला आकडा स्पष्ट आहे ते बघायचं. पहिल्यांदा ४, मग स्क्रू सोडून कडी नखाएवढी सुद्धा नाही इतकी सरकवली तर एकदम दुसऱ्या बाजूला ३! संध्याकाळभर हेच चाललं होतं, शेवटी शून्यावर आली. मग लांबच्या मनोऱ्यावर इन्फिनिटी (सगळ्यात लांबचा फोकस) तपासली, कारण जवळचं जुळवताना लांबचं बिघडू शकतं आणि तेव्हा दोघांच्या मध्ये कुठेतरी तडजोड करावी लागते. त्यानंतर आजीचे परत फोटो काढले. डोळे आले.

आणि हे सगळं जुळवूनही एक गोष्ट राहते, फोकस शिफ्ट. जुन्या धाटणीच्या लेन्समध्ये स्फेरिकल अॅबरेशन मुद्दाम थोडं शिल्लक ठेवलेलं असतं, म्हणजे काचेच्या कडेने येणारे किरण आणि मधून येणारे किरण एकाच ठिकाणी भेटत नाहीत. एफ/१.४ वरचा तो मऊपणा आणि हलकी आभा त्यातूनच येते. पण अॅपर्चर एफ/२.८ केलं की कडेचे किरण अडतात आणि फोकसची जागा मागे सरकते. लुडविग बेर्टेलेच्या १९३० च्या दशकातल्या सोनार रचनेत हे प्रसिद्धच आहे, आणि आजच्या काही स्वस्त वेगवान (मोठ्या अॅपर्चरच्या) लेन्स त्याच घराण्यातल्या. रेंजफाइंडरला तुम्ही कुठलं अॅपर्चर लावलंय हे माहीतच नसतं त्यामुळे तो काही करू शकत नाही, तुम्हालाच एफ/२.८ ला किंचित मागे झुकायची सवय करावी लागते. मिररलेसवाल्यांनीही लक्षात ठेवा, पूर्ण उघड्या अॅपर्चरवर फोकस करून मग ते लहान केलं तर तुमचाही फोटो हुकणार. ज्या अॅपर्चरवर फोटो काढायचाय त्याच अॅपर्चरवर फोकस करा.

आता उलटी बाजू, जिथे मिररलेस मार खातो. वाइड लेन्स. रेंजफाइंडरमध्ये आरसा नसतो त्यामुळे वाइड लेन्सची मागची काच फिल्मच्या खूप जवळ ठेवता येते, आणि अशा छोट्या वाइड लेन्समध्ये कोपऱ्यात किरण फार तिरके पडतात. फिल्मला त्याचं काही नाही. सेन्सरसमोर मात्र काचेचा थर असतो, सोनीच्या ए७ मालिकेत साधारण २ मिमी, लाइकाच्या डिजिटल एममध्ये १ मिमीपेक्षा कमी, निकॉन झेडमध्ये सोनीपेक्षा पातळ. तिरका किरण जाड काचेतून गेला की पसरतो आणि कोपरे ओल्या बोटाने पुसल्यासारखे दिसतात. लोक लेन्सला शिव्या घालतात पण दोष त्या जोडीचा असतो. ५० आणि त्यापुढच्या लेन्सना हा त्रास जवळपास नाही, ३५ ला थोडा, २८ आणि खाली चांगलाच. अॅपर्चर लहान केलं की कमी होतो, पूर्ण जात नाही.

माझी २८ म्हणजे टीटीआर्टिसनची २८ एमएम एफ/५.६. लाइकाची १९५५ ची समारॉन २८ एफ/५.६ होती, जी लाइकाने स्वतः २०१६ मध्ये परत काढली, तिच्यावरून ही बेतलेली. एवढीशी आहे की कॅमेरा कोटाच्या खिशात जातो. एफ/५.६ ऐकून लोक नाक मुरडतात आणि अंधारात खरंच तिचा उपयोग नाही, पण उजेडात रेंजफाइंडरवर मला तिन्हीत हीच सगळ्यात आवडते. कारण फोकस करायचाच नाही! एफ/५.६ वरच टॅब ३ मीटरला ठेवला की साधारण १.८ मीटरपासून ८ मीटरपर्यंत सगळं चालण्यासारखं स्पष्ट. म्हणजे कॅमची भानगड नाही, पॅच नाही, माणूस त्या टप्प्यात आला की क्लिक. कोपरे काळवंडतात, चांगलेच, आणि मला ते आवडतात, नजर मधे राहते. मिररलेसवर ही लेन्स मी लावतच नाही.

नोक्टन म्हणजे फोक्टलेंडर या नावाने विकली जाणारी ४० एमएम एफ/१.४ क्लासिक, बनवते कोसिना कंपनी. तिघींत ही सगळ्यात महाग आणि बांधणीत सगळ्यात वरची, कॅम पहिल्या दिवसापासून बरोबर, मला काही करावं लागलं नाही. सिंगल कोट आणि मल्टी कोट (काचेवर परावर्तन कमी करणारा एक थर किंवा अनेक) अशा दोन प्रकारांत मिळते, मी कृष्णधवल फिल्मसाठी सिंगल कोट घेतली, उजेड समोरून आला की सावल्यांमध्ये थोडा प्रकाश सांडतो आणि काळा रंग करडा होतो, त्यामुळे निगेटिव्हमध्ये सावलीतलं जास्त दिसतं. रंगीत डिजिटलवर बहुतेक काम असेल तर मल्टी कोटच घ्या. एक अडचण फ्रेमलाइनची, म्हणजे फोटोची हद्द दाखवणाऱ्या व्ह्यूफाइंडरमधल्या चौकटीची, लाइका एम बॉडीत ४० ची चौकटच नसते, ही लेन्स लावली की ५० ची येते आणि फोटोत चौकटीपेक्षा जास्त जागा येते. काही जण कुठली चौकट यायची हे ठरवणारा माउंटचा कान कानशीने घासून ३५ ची चौकट आणतात. माझी हिंमत झाली नाही, मी ५० च्या चौकटीबाहेर थोडं धरून चालतो, आठवड्याभरात अंदाज बसला. मिररलेसवर हा प्रश्नच नाही.

अडॅप्टरबद्दल थोडं. एम माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर २७.८ मिमी, सोनी ई चं १८, निकॉन झेडचं १६, कॅनन आरएफचं २०, म्हणून मधे साधी धातूची नळी पुरते, आत काच लागत नाही. पण नळी बरोबर लांबीची हवी. माझा पहिला अडॅप्टर किंचित आखूड होता, इन्फिनिटी खुणेच्या आधीच यायची आणि अंतराचे सगळे आकडे खोटे. शिवाय माउंटमध्ये लेन्स डुगडुगायची. मग हेलिकॉइडवाला घेतला, जो स्वतः आणखी ४ मिमी बाहेर येतो, आणि त्याने मजा आणली. रेंजफाइंडरच्या लेन्स बहुतेक ०.७ मीटरच्या अलीकडे फोकस होत नाहीत, या अडॅप्टरवर तीच ४० एमएम हाताच्या अंतरावरून पानावरचा थेंब घेते. ही सोय माझ्या रेंजफाइंडरवर मिळत नाही.

मिररलेस कॅमेऱ्यात लेन्सशिवाय शटर चालू द्या हा पर्याय आधी चालू करा, नाहीतर कॅमेरा बिघडला असं वाटेल. स्टॅबिलायझेशनमध्ये (हात हलल्याचा परिणाम कमी करणाऱ्या सोयीत) फोकल लेंथ, म्हणजे लेन्सचा एमएमचा आकडा, हाताने भरा, ५० भरलेली राहिली आणि लेन्स २८ ची लावली तर फोटो उलट हलतात. पीकिंगच्या, म्हणजे फोकस झालेला भाग दाखवायला कॅमेरा रंगवतो त्या रंगीत कडांवर एफ/१.४ ला विश्वास ठेवू नका, त्या फोकस नसलेल्या जागीही उमटतात, मोठं करूनच बघा.

कोणी घ्यावी? फक्त मिररलेस असेल तर ५० किंवा ३५ बिनधास्त घ्या, कॅमचा विचारच नको. पण घेताना थेट ई किंवा झेड माउंटची घेऊ नका, एम माउंटचीच घ्या. ती अडॅप्टरने सगळीकडे बसते, मिररलेस माउंटची लेन्स मात्र पुढेमागे रेंजफाइंडर घेतलात तर त्यावर कधीच चालणार नाही. फक्त फिल्मचा रेंजफाइंडर असेल तर पहिली लेन्स एफ/२ किंवा २.८ ची घ्या, परत करायची मुदत नीट वाचा आणि पहिल्याच आठवड्यात तिरक्या पट्टीची परीक्षा करा, रोल वाया गेला तरी चालेल. एफ/०.९५ वगैरेच्या मागे रेंजफाइंडरवर लागू नका. ०.७२ मॅग्निफिकेशनच्या एम बॉडीचा प्रभावी बेस (रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधलं अंतर गुणिले मॅग्निफिकेशन) साधारण ५० मिमी, त्यावर ती पातळ पट्टी पकडणं माझ्या डोळ्यांना तरी जमलेलं नाही. मिररलेसवर मात्र जरूर खेळा.

सध्या रेंजफाइंडरवर २८ असते आणि मिररलेसवर ५०. आजीचा तो दुसऱ्या वेळचा फोटो मोठा छापून घेतलाय, चष्म्याच्या काचेत खिडकीचे गज दिसतात.