आयरिश लोकश्रद्धांची चित्रे: धुऱ्यावरच्या पिंपळाची आठवण

आयर्लंडच्या लोकश्रद्धांवरील दोन छापील चित्रे मी मागवली आणि ती वर्धा जिल्ह्यातील आमच्या खेड्यात सुखरूप पोहोचली. पहिल्या चित्रात एकटे हॉथॉर्नचे झाड आहे. परीलोकांचे मानले जाणारे हे झाड तोडणे तिथे अशुभ समजतात, आणि क्लेअर परगण्यात १९९९ साली आवाज उठल्यावर महामार्गाच्या कामातून असे एक झाड राखले गेले. आमच्या धुऱ्यावरच्या मुंज्याच्या पिंपळालाही कोणी कुऱ्हाड लावत नाही, म्हणून आई त्या चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली. फांद्यांना बांधलेल्या चिंध्यांचा विटका लाल रंग फार जिवंत उतरला आहे.

दुसऱ्यावर ‘माणसे एकमेकांच्या सावलीत जगतात’ या अर्थाची आयरिश म्हण आहे. तिची अक्षरे मात्र फारच बारीक आहेत.